पुष्कराज कुठून आला, ते सांगणारं दुकान

पुण्यात रत्नं विकणारी दुकानं भरपूर आहेत. पण ‘हा खडा नेमका कुठल्या खाणीतून आला?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणारं दुकान मला आजवर हे एकच भेटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. तुळशीबागेपासून चालत पाच मिनिटांवर, जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, खालची पाटी शोधावी लागते. काका आणि त्यांची सून असे दोघंच दुकान पाहतात.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. खडा जमिनीच्या पोटात कसा तयार होतो हे माझं रोजचं काम. तो तिथून बोटातल्या अंगठीपर्यंत कुणाकुणाच्या हातून येतो, याची चौकशी करायची सवय मात्र मला विद्यार्थ्यांबरोबर गुजरातमधल्या खंबातला गेल्यापासून लागली. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण या दुकानाबद्दलचं माझं सगळ्यांत मोठं म्हणणं तिथेच आहे.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा बहिणीने गुरुजींना विचारलं आणि त्यांनी पुष्कराज सांगितला. सव्वापाच रत्ती, सोन्यात, तर्जनीत. पत्रिका मानावी की नाही हा वेगळा विषय, बहिणीची श्रद्धा आहे आणि मला ती मोडायची नव्हती. खडा पारखून आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मी माझी एक अट घातली, की तो खरा तर हवाच, पण तो काढताना कुणाचं नुकसान झालेलं नसावं, आणि झालंय की नाही हे निदान कुणाला तरी ठाऊक असावं.

आधी दुसऱ्या काही दुकानांत गेले. सगळीकडे एकच उत्तर, ‘सिलोनी (म्हणजे श्रीलंकेचा) आहे मॅडम, एक नंबर माल, सर्टिफिकेट देतो ना.’ सर्टिफिकेट म्हणजे एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर खड्याचा फोटो, वजन, घनता, अपवर्तनांक आणि ‘नैसर्गिक पिवळा नीलम’ (म्हणजेच पुष्कराज) एवढं लिहिलेलं. खडा काच नाही, ‘सुनेला’ नावाचा पिवळा स्फटिक नाही, प्रयोगशाळेत बनवलेला नाही, एवढी खात्री त्याने होते आणि ती कमी महत्त्वाची नाही. पण खड्याला भट्टी दिली आहे का, म्हणजे रंग सुधारायला तो तापवला आहे का, हे अनेक कार्डांवर नसतं. देशाचं नाव हवं असेल तर वेगळा, महाग अहवाल घ्यावा लागतो. आणि कुणी काढला, कुठल्या परिस्थितीत काढला, हे तर जगातली कुठलीच प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकातून सांगू शकत नाही. सोन्याचा दागिना घेतला तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकताच येत नाही. हिऱ्यांसाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया ही युद्धांना पैसा पुरवणारे हिरे रोखण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, तिच्यात त्रुटी असतील, पण काहीतरी आहे. रंगीत खड्यांना तसा आधार नाही. ते डझनावारी देशांतून, लहान लहान खड्ड्यांतून, मूठ-मूठ मालाने येतात आणि वाटेत दहा हात बदलतात. दागिन्यांच्या धंद्यासाठी जबाबदारीचे नियम ठरवणाऱ्या रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिलनेसुद्धा रंगीत रत्नं आपल्या नियमावलीत घेतली ती २०१९ मध्ये. त्यामुळे शेवटी सगळं दुकानदाराने कुणाला काय विचारलं यावर येऊन ठेपतं.

या दुकानात मी प्रश्न विचारला तेव्हा काकांनी खडा दाखवायच्या आधी वही काढली. लाल पुठ्ठ्याची, रोजमेळाला वापरतात तसली लांबट वही. प्रत्येक ओळीला लॉट नंबर, तारीख, कुणाकडून घेतला, गाव किंवा खाण, भट्टी आहे की नाही, पैलू कुठे पाडले. आणि अगदी उजवीकडे एक रकाना, ‘काय कळलं नाही’. सुनेने सुरू केलेला आहे तो. मला सगळ्या दुकानात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हा रकाना.

आम्ही घेतलेल्या खड्याच्या ओळीत लिहिलं होतं: रत्नपुराजवळ, भातशेतातला खड्डा, परवान्याची प्रत पाहिली, पैलू तिथेच, भट्टी नाही. आणि उजवीकडच्या रकान्यात, ‘मजुरांना वाटा किती मिळाला’. म्हणजे ते कळलं नाही. काकांनी ते झाकलं नाही, उलट बोट ठेवून दाखवलं.

रत्नपुरा श्रीलंकेत आहे. तिथल्या रत्नांच्या खाणी बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच चालतात. भातखाचरात चौकोनी खड्डा घेतात. बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडी चौकटी बसवतात आणि चौकट व माती यांच्यामध्ये नेच्याची पानं दाबून भरतात. पंपाने सतत पाणी उपसत खाली जायचं, ‘इल्लम’ म्हणतात तो वाळू-गोट्यांचा रत्नांचा थर लागला की तो वर काढायचा, आणि वेताच्या टोपल्यांत गोल गोल फिरवत धुवायचा. हलकी वाळू कडेने निघून जाते, जड खनिजं तळाशी राहतात. खड्डा घ्यायला तिथल्या राष्ट्रीय रत्न व आभूषण प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि काम संपल्यावर खड्डा बुजवण्यासाठी आधीच अनामत भरून ठेवावी लागते. मिळकत जमीनमालक, परवानाधारक, पंपवाला आणि खड्ड्यात उतरणारे यांच्यात वाटली जाते. पद्धत कागदावर चांगली आहे, आणि बुजवलेल्या खड्ड्यावर पुन्हा भात उभं राहतं हेही खरं. विनापरवाना खड्डे आणि नदीपात्रातला उपसा तिथेही होतो. म्हणूनच ‘सिलोनी’ एवढं ऐकून समाधान मानू नये, परवान्याची प्रत मागावी. इथे ती मिळाली.

त्याच ट्रेमध्ये दुसरा एक पुष्कराज होता, रंगाने आमच्यापेक्षा सरस. मी त्याकडे बघते आहे हे पाहून काका म्हणाले, “ताई, तो पण आम्हाला सिलोनी म्हणूनच दिलाय. पण माझं मन म्हणतं मादागास्करचा असेल. श्रीलंकेतल्या बेरुवळाच्या बाजारातून आलाय, आणि तिथे इलाकाकाचा माल फार येतो.” हे वाक्य मी इतर कुठल्या दुकानात ऐकलं नसतं. मादागास्करात इलाकाका इथे १९९८ मध्ये नीलम सापडला आणि माळरानावरच्या चार झोपड्यांचं काही वर्षांत मोठं गाव झालं. श्रीलंकेचे व्यापारी तिथे ठाण मांडून माल घेतात, तो घरी आणून पैलू पाडतात आणि पुढे विकतात. खडा बघून फरक ओळखणं अवघड असतं, त्याचं कारण माझ्या विषयातलं आहे: सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी ही रत्नं घडली तेव्हा श्रीलंका, दक्षिण भारत आणि मादागास्कर एकमेकांना लागून होते. खडकही जवळपास तेच, रत्नंही तशीच. प्रयोगशाळा मूलद्रव्यांचं प्रमाण मोजून देश सांगते तेही तज्ज्ञाचं मत म्हणून सांगते. मादागास्करचा माल वाईट असं मुळीच नाही, तिथली हजारो कुटुंबं यावर जगतात. पण २०१६ मध्ये तिथल्या पूर्वेकडच्या संरक्षित जंगलात, बेमाइंटी भागात, नीलम लागला आणि हजारो माणसं जंगल तोडून खणत सुटली. त्यामुळे मादागास्कर म्हटलं की कुठला भाग, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. त्या खड्यापुढे उजव्या रकान्यात लिहिलंय, ‘देश नक्की नाही’. आणि किंमतही त्याप्रमाणे कमी लावली आहे.

भट्टीबद्दल थोडं सांगते, कारण फसवणूक बहुतेक इथे होते. माणिक, नीलम, पुष्कराज ही तिन्ही कुरुंद या एकाच खनिजाची रूपं. तापवून त्यांचा रंग सुधारतात, ही जुनी आणि मान्य पद्धत आहे, सांगून विकली तर त्यात काही गैर नाही. गैर आहे ती न सांगितलेली भट्टी, आणि त्याहून बेरिलियमची प्रक्रिया. २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून अचानक सुंदर नारिंगी-पिवळे नीलम बाजारात आले, आणि तापवताना बाहेरून बेरिलियम आत शिरवलं जातं हे नंतर उघड झालं. साध्या भिंगाने ते कळत नाही, महागडं यंत्र लागतं. काकांनी आमचा खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला दिला. आत रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया, रेशमाच्या धाग्यांसारख्या, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या, टोकापर्यंत सलग. खडा जोरात तापला असता तर त्या तुटून ठिपके ठिपके झाल्या असत्या. मी वर्गात हे चित्रांवरून शिकवते. प्रत्यक्ष खड्यात इतकं स्वच्छ क्वचित पाहायला मिळतं. तरीही त्यांनी स्वतःहून सांगितलं, की माझ्या शब्दावर जाऊ नका, अहवाल करून घ्या. खडा मुंबईला पाठवला, अहवालाचे पैसे आम्ही दिले, ‘तापवल्याची चिन्हं नाहीत’ असं लिहून आलं तेव्हाच उरलेली रक्कम घेतली.

खड्याचं वजन ४.८० कॅरेट. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं, त्यामुळे बिलावर कॅरेट लिहून घ्या. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात वाद नाही. श्रीलंकेत वजन वाचवायला खालचा भाग जाड ठेवतात, तसंच याचंही पोट जड आहे, त्यामुळे वरून तो वजनाच्या मानाने लहान दिसतो. जयपूरला पाठवून पैलू सुधारून देऊ, असं काका म्हणाले, पण वजन कमी झालं असतं आणि गुरुजींचं सव्वापाच चुकलं असतं. ते आम्ही टाळलं.

माणकांच्या बाबतीत दुकान एवढं चोख नाही. मोठी माणकं दोन प्रकारची आहेत. एक, जुन्या दागिन्यांतून निघालेली बर्मी. म्यानमारमधून नवा माल आपण घेत नाही, असं काकांनी सांगितलं आणि ते मला पटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. रत्नांच्या व्यवहारावर ताबा असलेल्या तिथल्या सरकारी कंपनीवर अमेरिकेने त्याच एप्रिलमध्ये निर्बंध घातले, कारण हा पैसा थेट लष्कराकडे जातो. दुसरी मोझांबिकची, मोंतेपुएझची. तिथे माणकं २००९ मध्ये सापडली. मोठ्या खाणीत ७५ टक्के वाटा जेमफील्ड्स कंपनीचा आहे. खाणीच्या परिसरात स्थानिकांना मारहाण आणि गोळीबार झाल्याचे दावे लंडनमध्ये दाखल झाले होते आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने जबाबदारी मान्य न करता भरपाई देऊन ते मिटवले. सुनेला हे सगळं माहीत होतं. त्यानंतर तक्रार निवारणाची काय व्यवस्था झाली, हेही तिने वाचलेलं होतं. पण कुड्यांना लावायच्या बारीक माणकांची एक पुडी होती, तिच्यावर पेन्सिलीने फक्त वजन आणि भाव. वहीत ओळच नाही. “बारीक मालाला कोण विचारतं?” असं काका म्हणाले. मी विचारते, आणि हे वाचणाऱ्यांनीही विचारावं. बारीक मालात लहान पोरांच्या हातची कामं लपायला सर्वांत जास्त जागा असते.

पोवळ्याबद्दल दुकानाचं धोरण मला पूर्ण मान्य आहे. भूमध्य समुद्रातलं, बिलासह आलेलं असेल तरच ठेवतात. तिथे आता ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात पोवळं काढायला बंदी आहे आणि बुडाशी ७ मिलिमीटरपेक्षा बारीक फांदी तोडता येत नाही. भारतातली प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कुणी ‘अंदमानचं आहे’ म्हणून कौतुकाने दाखवलं तर ते विकत घेऊ नका.

आता अकीक.

गल्ल्याशेजारी खुंटीला अकीकाच्या माळांचे झुबके लटकवलेले असतात. तांबड्या, तपकिरी, राखी पट्ट्यांच्या. पुष्कराजाच्या मानाने कवडीमोल, त्यामुळे लोक जाता जाता एखादी उचलतात. या कुठल्या, असं मी विचारलं. “खंबातच्या. ते किलोवर येतं ताई, त्याची कुठली वही?”

अकीक आपल्याच बसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या पोकळ्यांत, सिलिकायुक्त पाणी थर थर साचून तयार होतो. खडक झिजला की तो गोट्यांबरोबर वाहत जातो. भरूच जिल्ह्यात नर्मदेच्या दक्षिणेला रतनपूरच्या गोट्यांच्या थरांतून तो काढतात आणि खंबातला नेतात. तिथे आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात, म्हणजे त्यातल्या लोहामुळे तांबडा रंग चढतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देत त्याचा मणी घडवतात. हडप्पाकाळात जवळच्या लोथलला मणी होत होते, आणि कारागिरीचा तो धागा आजही तुटलेला नाही. ठोके देणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचा हात बघताना माझे विद्यार्थी बोलायचे थांबले होते.

मग आम्ही घासायच्या जागी गेलो. कुरुंदाचं चाक मोटारीवर फिरत होतं आणि एक माणूस त्यावर कोरडाच दगड धरून बसला होता. तोंडाला गमछा. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पांढुरकं झालेलं. हे घरच होतं. चाकापासून दोन हातांवर खाट, खाटेवर मूल झोपलेलं, दोरीवर वाळत घातलेल्या साडीवर तीच धूळ. त्याची बायको म्हणाली की थोरल्या दिराला टीबी होता, औषधं घेऊनही गेला. अकीक जवळजवळ शुद्ध सिलिका असतो. त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. सिलिकोसिस असलेल्या माणसाला क्षयही लवकर धरतो, म्हणून कितीतरी जणांच्या कागदांवर नुसतंच टीबी लिहिलं जातं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या कामगारांवर अनेक वर्षं अभ्यास केलेला आहे, म्हणजे हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. पण कारखान्यांचे कायदे ठरावीक संख्येने कामगार असतील तिथेच लागू होतात. घरात नवरा-बायको आणि एक मजूर चाक चालवत असतील, तर त्यांच्याकडे कुणी निरीक्षक फिरकत नाही.

मोझांबिक आणि म्यानमार नकाशावर दाखवावे लागतात. खंबात पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि तिथला मणी पुण्यातल्या प्रत्येक तिसऱ्या देवघरात आहे. लाखाच्या खड्याला वही आणि शंभर-दीडशेच्या माळेला काही नाही, हे मला चालण्यासारखं वाटलं नाही, आणि मी तसं काकांना स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत, पण गप्प झाले. सुनेने माझा नंबर घेतला.

अंगठी न्यायला गेले तेव्हा ती खंबातला जाऊन आली होती. माल देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी तिला घासकाम दाखवायलाच नकार दिला. तिसऱ्याकडे चाकावर पाण्याची धार सोडलेली आहे आणि धूळ ओढून घेणारा पंखा-नळकांडं बसवलेलं आहे. तिथून तिने थोड्या माळा आणल्या, वहीत ओळ घातली, भाव जुन्या माळेपेक्षा जवळपास दीडपट लावला. हे तिने स्वतःच्या खर्चाने आणि कुणी सांगितलेलं नसताना केलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण जुना माल त्याच खुंटीवर, नव्याच्या शेजारी, चिठ्ठीशिवाय लटकतो आहे. गिऱ्हाईक स्वस्तातली माळ उचलणार आणि दोन भाव का आहेत हे त्याला कळणारही नाही. तो माल वेगळा ठेवा आणि फरक लिहून लावा, असं मी सांगून आले. तुम्ही गेलात तर माळ घ्यायच्या आधी ‘पाण्यावर घासलेली कुठली?’ असं विचारा.

बाकी व्यवहाराबद्दल. पुष्कराज कॅरेटला तीस हजारांच्या आसपास पडला. भट्टी न दिलेल्या, या रंगाच्या खड्याला हा भाव वाजवी आहे, पण पुण्यात त्याच वजनाचे ‘पुष्कराज’ याच्या चौथाई भावातही मिळतात. ते का मिळतात ते वर लिहिलंच आहे. पक्कं बिल देतात, त्यावर वहीतल्या लॉट नंबरासकट ‘तापवलेला नाही’ असं लिहून देतात. घडणावळ बाहेरच्या कारागिराकडून होते आणि तिथे उशीर झाला. दोन वेळा तारीख पुढे गेली, लग्नघरात तो ताप झाला. खड्याच्या खाली सोनं कोरून मोकळं ठेवायला सांगितलं होतं, ते काम मात्र नीट केलंय. खडा तीस दिवसांत परत घेतात, पूर्ण रकमेला, अहवाल सोबत असेल तर. दुकान सोमवारी बंद, इतर दिवशी अकरा ते आठ. सून दुपारनंतर असते, आणि खाणींबद्दल विचारायचं असेल तर ती असतानाच जा.